आधी विचारा, मग कात्री

ब्लाऊज शिवण्यात इचलकरंजीच्या शेवंताबाई बगाडेंचा हातखंडा. त्यांच्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. सर्जन धुपकर नावाजलेले, पण भारी तोऱ्याचे.

"नुसती गाठ काढली तरी चालेल, सगळा स्तन काढला तरी चालेल. काय करायचं ते मी ठरवीन. तुम्ही फक्त सही करा."

शेवंताबाईंनी पेन ठेवलं, पिशवीतली कात्री काढली आणि डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली. "लांब झालीय हो. अर्धी करते."

डॉक्टर ओरडले, "अहो बाई, कोट माझा आहे! आधी मला विचाराल की नाही?"

"कोट तर बाजारात दुसरा मिळतो, डॉक्टर. तरी विचारायचं?"

धुपकरांनी सहीचा कागद बाजूला सारला आणि खुर्ची जवळ ओढली. "बसा. दोन्हींतलं बरंवाईट सांगतो. मग तुम्ही ठरवा."