ड्राइव्हमध्ये सीडी नाही

"मग सीडी कुठे आहे?" भन्ते आर्यघोष यांनी विचारलं.

"कपाटात," उत्पल म्हणाला. "आता तिची गरजच नाही."

भन्ते वाकले. त्यांनी कॉम्प्युटरच्या खोक्यावरचं बटण दाबलं. ट्रे बाहेर आला. रिकामा होता.

पडद्यावर मात्र मोठे भन्ते बसलेले दिसत होते, आणि बोलतही होते.

विहारातले आधीचे मोठे भन्ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते असताना गावातल्या रत्नदीप ढोके नावाच्या तरुणाने त्यांची प्रवचनं रेकॉर्ड केली होती. त्याने एक प्रोग्रॅम लिहिला, तो विहारातल्या कॉम्प्युटरवर टाकला आणि प्रवचनं सीडीवर भरली. सीडी आत असल्याशिवाय प्रोग्रॅम पुढे जात नसे. दर रविवारी दुपारी गावातली माणसं विहारात जमत आणि त्यातलं एक प्रवचन ऐकत.

अलीकडे सीडीवर ओरखडे पडले होते. ड्राइव्ह घरघर करायचा. ऐन वाक्यात मोठे भन्ते अडकायचे, आणि माणसं मान खाली घालून वाट बघायची.

उत्पल खोब्रागडे वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, भन्तेंकडे शिकायला म्हणून पुण्याहून आला होता. इंजिनिअर होता. हुशार होता, आणि ते त्याला माहीत होतं. त्याने सीडी नागपूरला मित्राकडे नेली, तिथल्या चांगल्या ड्राइव्हवर ती अख्खी वाचून घेतली आणि फाइल पेनड्राइव्हवर आणली.

"हिला इमेज म्हणतात," तो म्हणाला. "सीडीत जे जे आहे ते सगळं, जसंच्या तसं, एका फाइलमध्ये."

"यावरून नवी सीडी करायची?"

"नाही भन्ते. नवी केली तरी ती या ड्राइव्हमध्येच घालावी लागेल, आणि ड्राइव्हच मरायला टेकलाय. म्हणून मी एक सॉफ्टवेअर टाकलं. ते कॉम्प्युटरमध्ये एक नसलेला ड्राइव्ह उभा करतं. त्या नसलेल्या ड्राइव्हमध्ये ही फाइल सीडी म्हणून चढवायची. झालं."

"आणि रत्नदीपच्या प्रोग्रॅमला हे चालतं?"

"तो विचारतो, सीडी आहे का? सॉफ्टवेअर सांगतं, आहे. त्याला पटतं."

"खोटं सांगतं?"

उत्पल हसला. "खोटं कसं? सीडीतलं सगळं आहे. फक्त सीडी नाही."

भन्ते रिकाम्या ट्रेकडे बघत होते.

"आणि कॉम्प्युटर सुरू केला की फाइल आपोआप चढेल, अशी सोय केलीय. तुम्हाला काही करायचं नाही. तुम्ही ते नेहमी उलटं करता ना, आधी प्रोग्रॅम उघडता आणि मग सीडी घालता. किती वेळा सांगितलं तुम्हाला."

"सांगितलंस खरं."

"आता तो प्रश्नच मिटला."

भन्तेंनी ट्रे हाताने हळूच आत लोटला.

"रविवारी बघू," ते म्हणाले.

रविवारी विहार भरला होता. उत्पलने कॉम्प्युटर सुरू केला, प्रोग्रॅम उघडला, आणि मोठे भन्ते लगेच बोलू लागले. घरघर नाही, अडकणं नाही. शेवटपर्यंत.

माणसं खूश झाली. शाळेतून निवृत्त झालेले मेंढेगुरुजी उठून उत्पलजवळ आले. "लेका, मोठे भन्ते परत आणलेस तू," ते म्हणाले.

उत्पलने हात जोडले, पण चेहऱ्यावरचं हसू त्याला लपवता आलं नाही.

हळूहळू सगळे गेले. गिरजाबाई ढोके तेवढ्या बसून राहिल्या. पांढरं लुगडं, मांडीवर हात. नजर पडद्यावर. पडदा बंद झाला होता.

"बाई, संपलं प्रवचन," उत्पल म्हणाला.

"हो न. समजलं मले."

त्या तरीही उठल्या नाहीत.

"आज तो बोलला नाही," त्या म्हणाल्या.

"कोण? मोठे भन्ते? बोलले की. आज तर..."

"ते नाही. माहा रत्नदीप."

उत्पलने भन्तेंकडे पाहिलं. भन्ते सतरंजी गुंडाळत होते.

"रत्नदीपचा आवाज सीडीत नाही, बाई," उत्पल म्हणाला. "मी सगळी प्रवचनं तपासली. सगळीकडे मोठे भन्तेच आहेत."

"सीडीत नाही, बाबा. सीडी नसली म्हणजे बोलते तो."



उत्पलला माहीत होतं ते एवढंच, की हा प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्या काळी गावात कुणाकडे आवाज साठवणारा फोन नव्हता. घरात त्याचे फोटो होते. आवाज कुठेच नव्हता.

तो कॉम्प्युटरजवळ गेला. नसलेल्या ड्राइव्हमधून फाइल उतरवली. प्रोग्रॅम पुन्हा उघडला.

पडदा काळा झाला. मग घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि उत्पलने आजवर कधी लक्ष देऊन न ऐकलेला एक तरुण आवाज म्हणाला,

"ड्राइव्हमध्ये सीडी नाही. सावकाश शोधा, घाई नाही. मी थांबलो आहे."

गिरजाबाईंनी डोळे मिटले. मग त्या हसल्या.

"सर्दी होती त्याले त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, काढा पे आणि मंग जा. ऐकलं नाही. तसाच आला इथं बोलाले."

पडदा काळाच राहिला. कुणी काही घातलं नाही, कुणी काही दाबलं नाही. बाहेर कुणीतरी सायकल काढत होतं.



उत्पल त्यांच्याकडे वळला. "बाई, मी हा आवाज वेगळा काढून देतो," तो म्हणाला. "तुमच्या फोनमध्ये टाकतो. वाटेल तेव्हा ऐका. दिवसातून दहादा ऐका."

गिरजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"नको, बाबा," त्या म्हणाल्या. "फोनात आला, तं मी दुसरं काहीच कराची नाही. रविवारी येते न मी."

त्यांनी बुद्धमूर्तीला तीनदा वंदन केलं, मग भन्तेंना. चपला घालून त्या गावाच्या वाटेला लागल्या.

उत्पल कॉम्प्युटरसमोर उभाच होता.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणून तुम्ही आधी प्रोग्रॅम उघडायचात."

"हं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू सांगत होतास. मी ऐकत होतो."

उत्पलने मान खाली घातली. कान लाल झाले होते.

"मी ते सॉफ्टवेअर काढून टाकतो, भन्ते."

"कशाला? सीडी खराबच झाली होती. आज लोकांनी प्रवचन पूर्ण ऐकलं. चांगलं काम केलंस."

"मग... मी करू काय?"

भन्तेंनी सतरंजी भिंतीशी उभी केली, आणि हातावरची धूळ झटकली.

"पुढच्या रविवारपासून कॉम्प्युटर तूच सुरू कर," ते म्हणाले. "तो विचारेल, सीडी आहे का. लगेच हो म्हणू नकोस."