रेजिनाचा शेवटचा हप्ता

"पण फादर, माझा हिशेब चुकला कुठे?"

रेजिनाने कागद फादर दुमिंग यांच्या पुढ्यात सरकवला.

वसईत, निवृत्त धर्मगुरू राहतात त्या घराच्या ओट्यावर दोघं बसली होती. फादर आरामखुर्चीत, ती पायरीवर. याच फादरांनी तिला शाळेत रसायनशास्त्राची गोडी लावली होती. आणि पुढे एम.एस्सी.साठी कर्ज काढायची वेळ आली तेव्हा, "शिकू दे तिला, इनास, मागेपुढे पाहू नकोस," असं तिच्या वडिलांना सांगणारेही हेच.

फादरांनी चष्मा चढवून कागद वाचला. कर्ज सहा लाख चाळीस हजार. हप्ता दहा हजार सहाशे. शेजारी पगार. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतला पहिला एकोणीस हजार, आताचा एकतीस. खाली तिची मैत्रीण ग्लेंडा. कर्ज न काढता बी.कॉम. झालेली, बँकेत लागलेली.

"ग्लेंडा पुढे आहे की."

"आज आहे. चौतिसाव्या वर्षी मी तिला गाठते. चाळिशीत मागे टाकते. व्याज धरूनसुद्धा."

शाळेतही ती अशीच होती. प्रश्न संपायच्या आत हिचा हात वर.

"कर्ज किती उरलं?"

"फिटलं. सात वर्षांचं पाच वर्षांत. गेल्या महिन्यात शेवटचा हप्ता भरला."

"म्हणजे तू फायद्यात आहेस."

"हो."

"मग आलीस कशाला?"



...

"पप्पांचा डावा डोळा गेला, फादर."

फादरांनी कागद खाली ठेवला.

इनास तुस्कानो शिंपी. वसईतल्या निम्म्या नवरदेवांचे सूट त्याने शिवलेले. सहा वर्षांपूर्वी त्याला काचबिंदू निघाला. रोज औषधाचे थेंब घाला, एक दिवसही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महिन्याला चौदाशे रुपयांचे थेंब.

"चुकवलेच नाहीत आम्ही. रोज संध्याकाळी मी घालायचे. माझ्या हाताने. ते खुर्चीत मान मागे टाकायचे, मी पापणी वर धरायचे..."

"मग?"

"परवा दिसेनासंच झालं म्हणून मुंबईला मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, औषध घालता ना? मी म्हटलं, मी स्वतः घालते. बाटली दाखवा म्हणाले. दाखवली. त्यांनी फिरवून तिच्यावरची तारीख वाचली." रेजिनाने ओठ आवळले. "पाच वर्षांपूर्वीची होती."

ओट्यावरून एक कोंबडी चालत गेली. फादरांनी तिला हाकललं नाही.

"आत पाणी होतं, फादर. साधं पाणी. दर महिन्याला पप्पा तीच बाटली भरून ठेवायचे. नवीन आणली म्हणून सांगायचे."

"काय म्हणाला इनास?"

"इस्पितळाच्या जिन्यात म्हणाले, तुला नोकरी नव्हती तेव्हाचे नऊ महिने भागवायला केलं गं. मग वाटलं, हप्ता लवकर संपू दे. तुझ्या लग्नाला कर्ज आडवं यायला नको. डोळा दुखत तर नव्हता..."

ती फादरांकडे वळली.

"मी दिवसभर काय करते ठाऊक आहे? औषधांच्या बाटल्या तपासते. तारीख वाचते, नमुना काढते, आत काय आहे ते सांगते. त्याचाच पगार घेते. आणि घरी पाच वर्षं... सुईत दोरा ओवायला ते मला हाक मारायचे तेव्हा मी हसायचे. म्हणायचे, पप्पा, म्हातारे झालात."



"उजवा?" फादरांनी विचारलं.

"वाचेल म्हणतात. आता खरं औषध चालू आहे. पण सूट शिवणं संपलं. काल मशीनवर चादर टाकली त्यांनी."

तिने डोळे पुसले. कागद उचलला, घडी घातली, पुन्हा उलगडला. मग जे विचारायला आली होती ते विचारलं.

"मी रसायनशास्त्र घेतलं ते चुकलं का, फादर? एकदा हो म्हणा. तुम्ही म्हणालात तर मला सोपं जाईल. नाहीतर नाही म्हणा. चूक माझी होती की कुणाची, तेवढं तरी सांगा. तुमच्याइतकं कोण जाणतं आम्हाला?"

फादर दुमिंग खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले. ऐंशी वर्षांचे गुडघे. ती आधार द्यायला पुढे झाली, तर त्यांनी तिलाच कोपराला धरलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं.

"फादर, हे काय?"

ते हळूहळू खाली वाकले आणि ती बसली होती त्या पायरीवर बसले. तिच्या पायांशी.

रेजिना उठू लागली. त्यांनी हाताने थांबवलं.

"माझा झगा शिवून घेऊन आला होता इनास. पाच वर्षं झाली. इथेच बसून त्याने मला सगळं सांगितलं. तुला कळू द्यायचं नाही म्हणाला."

तिच्या हातातला कागद तसाच राहिला.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

फादरांनी मान वर केली नाही.

"म्हणालो, पाणी उकळून घेत जा."