हिरडी गप्प राहीना

आटपाट अंगण होतं. अंगणात होती चूल. चुलीमागे होतं बीळ. बिळात राहायचा एक उंदीर. एवढुस्सा! त्याचं नाव चिमूट.

चिमूटला एकही दात नव्हता. तोंडाचं नुसतं बोळकं! दात यायचा होता, पण येत नव्हता. हिरड्या सारख्या शिवशिवायच्या. मग चिमूट दिसेल ते तोंडात घालायचा. चपलेचा अंगठा. केरसुणीची काडी. स्वतःचीच शेपूट.

मग आईने काय केलं? एक खारीक आणली. टणक, सुरकुतलेली. तिला दोरा बांधला आणि ती चिमूटच्या गळ्यात घातली.

"चाव रे माझ्या सोन्या. दात यायचा तेव्हा येईल," आई म्हणाली. आणि गेली दाणे आणायला.

चिमूट चावू लागला. चुबुक चुबुक! चुबुक चुबुक! हिरडीला बरं वाटलं. चिमूटलाही बरं वाटलं.

इतक्यात गळ्यातली गाठ सुटली. खारीक पडली. टप्प! गडगड गडगड गडगड... पायरीच्या फटीत गुडुप!

फटीबाहेर राहिलं दोऱ्याचं टोक. चिमूटने ते तोंडात धरलं. ओढलं. सुळ्ळकन सुटलं! पुन्हा धरलं. पुन्हा ओढलं. सुळ्ळकन सुटलं! बोळक्यात दोरा कसा धरणार?

हिरडी शिवशिवली. डोळ्यांत पाणी आलं. चिमूट निघाला. तुरुतुरु तुरुतुरु!

उकिरड्यावर होती कोंबडीकाकू.

"कोंबडीकाकू, कोंबडीकाकू!
खारीक बाहेर येईना,
हिरडी गप्प राहीना!
दोरा ओढ ना!"

"कॉक कॉक! आ कर पाहू," काकू म्हणाली. चिमूटने आ केला. "अगंबाई! किती रे वाळलास! ओढते की दोरा. न ओढायला काय झालं? पण खारीक पडली उष्ण. आधी दूध हवं. शेळीने दूध दिलं, की मी दोरा ओढते."

काकूने ढीगभर पिल्लं वाढवली होती. एकालाही कधी दात आला नव्हता. पण दातांचं तिला सगळं ठाऊक!

चिमूट निघाला. तुरुतुरु तुरुतुरु!

गोठ्यात होती शेळीमावशी.

"शेळीमावशी, शेळीमावशी!
कोंबडी दोरा ओढीना,
खारीक बाहेर येईना,
हिरडी गप्प राहीना!
दूध दे ना!"

"बेंऽऽ! आ कर पाहू," मावशी म्हणाली. चिमूटने आ केला. "अगंबाई! किती रे वाळलास! देते की दूध. न द्यायला काय झालं? पण दूध पडलं थंड. आधी नाचणी हवी. चिमणीने नाचणी दिली, की मी दूध देते."

खारीक उष्ण. दूध थंड. दोन्ही एकदम दिलं असतं, तर झालं असतं की छान कोमट! पण चिमूट पडला लहान. लहानांना कोण विचारतो?

चिमूट निघाला. तुरुतुरु तुरुतुरु! पाय दुखायला लागले. तरी तुरुतुरु!

वळचणीला होती चिमणीताई.

"चिमणीताई, चिमणीताई!
शेळी दूध देईना,
कोंबडी दोरा ओढीना,
खारीक बाहेर येईना,
हिरडी गप्प राहीना!
नाचणी दे ना!"

"चिव चिव! आ कर पाहू," ताई म्हणाली. चिमूटने आ केला. "अगंबाई! किती रे वाळलास! आणि पाय का रे चोळतोस?"

"दुखतात गं," चिमूट म्हणाला. "चालून चालून..."

"चालून नाही रे! वाढीचं दुखणं ते. तू वाढतोयस! देते की नाचणी. न द्यायला काय झालं? पण नाचणी पडली जड. आधी अंगाला तेल हवं. खारूताईने तेल चोळलं, की मी नाचणी देते."

आत्ता वाळला होता. लगेच वाढलाही! चिमूटला काही कळेना. तो निघाला. तुरु... तुरु... तुरु... तुरु...

पेरूच्या झाडावर होती खारूताई.

"खारूताई, खारूताई!
चिमणी नाचणी देईना,
शेळी दूध देईना,
कोंबडी दोरा ओढीना,
खारीक बाहेर येईना,
हिरडी गप्प राहीना!
तेल चोळ ना!"

"चिर्र चिर्र! आ कर पाहू," खारूताई म्हणाली. चिमूटने आ केला. आ करून करून जबडाही दुखायला लागला. "अगंबाई! किती रे वाळलास! चोळते की तेल. न चोळायला काय झालं? पण तेलाने होते सर्दी. आधी टाळूला वेखंड हवं. तुझ्या मामाने वेखंड उगाळलं, की मी तेल चोळते."

वेखंड म्हणजे एक मुळी. उग्र वासाची. दगडावर पाणी घालून उगाळायची. चिमूटला वेखंड नको होतं. तेल नको होतं. नाचणी नको होती. दूध नको होतं. त्याला हवी होती खारीक! पण ते कोणी विचारलंच नाही.

चिमूट निघाला. तुरु... तुरु... हुश्श! तुरु... तुरु... हुश्श!

पोत्यामागे होता मामा. आडवा झाला होता. पोट वर. शेपूट खाली. घुर्रर्र... घुर्रर्र...

"मामा, मामा!
खारूताई तेल चोळीना,
चिमणी नाचणी देईना,
शेळी दूध देईना,
कोंबडी दोरा ओढीना,
खारीक बाहेर येईना,
हिरडी गप्प राहीना!
वेखंड उगाळ ना!"

मामाने एक डोळा उघडला. आणि टुण्णकन उडी मारून पोत्याच्या वर चढला!

"लांब हो! लांब हो!" मामा ओरडला. "तुला दात येतोय?"

"हो मामा."

"वरचा की खालचा?"

"माहीत नाही मामा."

"माहीत नाही कसं? जुने उंदीर सांगून गेलेत. भाच्याचा वरचा दात आधी आला, तर मामाला जड जातं! अंगणात बोका, घरात भाच्याचा दात. मी जाऊ कुठे? उगाळतो की वेखंड. न उगाळायला काय झालं? पण आधी खालचा दात दाखव. खालचा दात दिसला, की मी वेखंड उगाळतो."

चिमूट मटकन खाली बसला.

"पण मामा, दात यायला खारीक हवी. आणि खारीक यायला दात हवा. मी करू काय?"

"ते मोठ्यांना विचार," मामा म्हणाला. आणि पुन्हा घुर्रर्र!

आता मात्र चिमूटला आला राग. एवढुस्सा उंदीर, एवढा मोठा राग! हिरडी शिवशिव शिवशिव शिवशिवली. चिमूटने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. समोर लोंबत होती मामाची शेपूट. जाडजूड. टणक. अगदी खारकेसारखी!

चिमूटने आ केला. यावेळी कोणी सांगितलं नव्हतं, तरी केला.

कच्चऽऽ!

"आईगंऽऽ! चावला, चावला!" मामा पोत्यावरून धप्पकन खाली आला. मग थांबला. शेपूट पाहिली. शेपटीवर एक टिकली उठली होती. एकच! दाताची!

"आ कर! आ कर! लवकर आ कर!" मामा खाली वाकला. "वरचा नाही... वरचा नाही... खालचा! खालचा आहे रे! वाचलो!"

चालता चालता, बोलता बोलता, दात आपला आपण आला होता. गुपचूप. कोणाला न विचारता.

मामा लागला नाचायला. मग काय विचारता!

मामाने वेखंड उगाळलं. घस्सक घस्सक! टाळूला थापलं. थप्प!
खारूताईने तेल चोळलं. चळ्ळक चळ्ळक!
चिमणीने नाचणी दिली. टिपुक टिपुक!
शेळीने दूध दिलं. चुळ्ळ चुळ्ळ!

"पुरे!" चिमूट म्हणाला. "पुरे रे!" चिमूट म्हणाला. पण प्रेमाने चाललेलं! थांबतंय कोण? चिमूटचं डोकं पांढरं. अंग तेलकट. पोट डम्म!

सगळे निघाले पायरीकडे. पुढे चिमूट, मागे वरात.

कोंबडीकाकूने चोचीत दोरा धरला. ओढला. सुळ्ळकन सुटला! पुन्हा धरला. पुन्हा ओढला. सुळ्ळकन सुटला! चोचीला कुठले दात?

"काकू, सरक बघू," चिमूट म्हणाला.

त्याने दोरा धरला. दाताने धरला. घट्ट! ओढला. हुय्या! दोरा सुटला नाही. आणखी ओढला. हुय्या! हुय्या!

गडगड गडगड... टप्प! खारीक बाहेर!

"माझ्या वेखंडाने दात आला!" मामा म्हणाला.
"माझ्या तेलाने!" खारूताई म्हणाली.
"माझ्या नाचणीने!" चिमणी म्हणाली.
"माझ्या दुधाने!" शेळी म्हणाली.
"मी तर आधीच सांगितलं होतं!" कोंबडी म्हणाली. काय सांगितलं होतं, ते मात्र तिला आठवेना.

तेवढ्यात आई आली. तिने दात पाहिला. गालातल्या गालात हसली. मग बाकीचा चिमूट पाहिला. डोकं पांढरं. अंग तेलकट. पोट डम्म.

"दात कोणामुळे आला हो?" आईने सगळ्यांना विचारलं.

"माझ्यामुळे! माझ्यामुळे! माझ्यामुळे!"

"बरं. मग लेकराची ही दशा कोणी केली?"

सगळे लागले मागे सरकायला.

"कॉक कॉक, अंडं घालायचं राहिलं!" कोंबडी गेली.
"बेंऽऽ, पाला वाळतोय!" शेळी गेली.
"चिव चिव, घरटं उघडं आहे!" चिमणी गेली.
"चिर्र चिर्र, पेरू पिकला!" खारूताई गेली.

मामा? मामा पोत्यामागे कधीच पोचला होता. घुर्रर्र... घुर्रर्र...

आईने चिमूटला पुसलं. जवळ घेतलं. पाय हळूहळू चेपले.

"खूप चाललास रे आज?"

चिमूटने मान हलवली. अख्ख्या दिवसात हे पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं. तो आईच्या कुशीत शिरला. खारीक तोंडात धरली. आता चुबुक चुबुक नाही.

कुरुम कुरुम! कुरुम कुरुम!

हिरडी गप्प झाली.

खारीक सरली, गोष्ट सरली. चिमूटचा दात मात्र जागच्या जागी आहे. बघायचा असेल तर लांबूनच बघा. बोट घालू नका हं!