टांगलेलं कणीस

माणसं आणि पाखरं एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. सगुणाबाई परसात चिमण्यांसाठी जोंधळ्याचं कणीस टांगायची. एका उन्हाळ्यात तिचा बोका मिशा पुसत म्हणाला, "आई, आयतं खाऊन चिमण्या आळशी होतात. उद्या चारा शोधायलाही विसरतील."

सगुणाबाईला ते पटलं. तिनं कणीस काढून ठेवलं.

वळचणीला पिल्लं असलेली चिमणी संतापून तिच्या पुढ्यात उतरली. "आळशी कोण? पिल्लांना दाणा चालत नाही, अळ्या लागतात. तुझ्या दोडक्याच्या वेलावरच्या अळ्या दिवसभर कोण वेचतं? हा तुझा लाडोबा? दाणे लागतात ते माझ्या पोटाला. आता त्यासाठी मी लांब शिवारात जायचं, आणि घरट्याखाली यानं बसायचं, होय ना?"

सगुणाबाईनं वेलाकडे पाहिलं. एकही पान कुरतडलेलं नव्हतं. बोका मात्र वळचणीकडे बघत होता. तिनं कणीस पुन्हा टांगलं.

संध्याकाळी बोका दुधाला आला, तर त्याची वाटी पालथी होती.

"आई, दूध?"

"नको रे बाळा," सगुणाबाई म्हणाली, "उंदीर धरायला विसरशील."