मानकरणीचे कोरडे हात

त्या राज्यात सूर्य नव्हता. घरोघरी चूल होती. तीच उजेड, तीच ऊब. चूल विझली की घर मेलं, इतका साधा हिशेब. पण जाळ म्हटला की ठिणग्या आल्याच, आणि त्या राज्याचं सगळं शहाणपण या ठिणग्यांना सांभाळण्यात खर्ची पडायचं.

ठिणग्या जन्मायच्या जुळ्या. दोघी हातात हात घालून जाळातून उडायच्या, हवेत फुगडी घालायच्या आणि दोन गिरक्या झाल्या की परत चुलीत पडायच्या. कुणाचं काही बिघडत नसे. क्वचित एखादीचा हात सुटायचा. मग ती एकटी पडलेली ठिणगी वेड्यासारखी दिसेल त्याला कवटाळायची, आणि कवटाळील त्याला जाळायची. वाईट नव्हती हो ती! तिला फक्त कुणाचा तरी हात हवा असे.

म्हणून तिथे झेलकरणी होत्या. या बायकांचे तळवे कायम ओले असत. सुटी ठिणगी दिसली की झेलकरीण तळवा पुढे करायची, ठिणगी चुर्र करून निवायची, आणि तेवढी ओल तळव्यातून उणी व्हायची. झेलून झेलून हात पार कोरडे पडले, तर मात्र पंचाईत. कोरडा हात स्वतःच धुमसू लागतो आणि ज्याला लागेल त्याला डाग पाडतो. यावर त्या लोकांचा एक रिवाज होता. हात सुकले की झेलकरणीनं शेजारच्या दारात उभं राहून म्हणायचं, "हात सुकले, बाई." शेजारणीनं तिच्या ओंजळीत आपली ओल ओतायची आणि स्वतः पुढच्या दारात जायचं. असं दारामागून दार करत शेवटी वेशीवरच्या रांजणापाशी पोचायचं. बाहेरून जो हिरवा रस येई, तो त्या रांजणात साठायचा. मागण्यात लाज नव्हती, देण्यात उपकार नव्हते. मागितल्याशिवाय मात्र कुणी कुणाला द्यायचं नाही, कारण ओल्या हातावर ओल ओतली तर ती सांडून फुकट जाते.

धुरपा ही अशीच एक झेलकरीण. हात बेताचे, जीभ मात्र तिखट. तिची थोरली जाऊ ठकूबाई म्हणजे त्या गल्लीतली सगळ्यांत कसलेली बाई. दोन्ही हातांनी, पाठ फिरवूनसुद्धा झेलायची. झेलायचं कसं ते धुरपा तिच्याकडूनच शिकली होती. दोघींचं रोज वाजायचं आणि एकीवाचून दुसरीला चैन पडायचं नाही.

त्या दिवसांत राज्यात एक नवल चाललं होतं. मधोमध असलेल्या साचेघरात साच्यांच्या नकला निघत होत्या. राज्यातली प्रत्येक वस्तू, अगदी चुलीची वीटसुद्धा, साचेघरातल्या साच्यातून घडायची. आणि आता राज्याच्या पोटात एक नवं, इवलंसं राज्य वसत होतं. त्याला हेच साचे जायचे होते. एका साच्याला डाग लागला, तर त्या नव्या राज्यातलं प्रत्येक घर त्या डागासकट उभं राहणार होतं. सगळेजण साचेघरावरून जाताना आपोआप हळू बोलत.

अशात एक दिवस ती लहर आली. कुठल्या दारातून आली, कुणाला कळलं नाही. तिला आवाज नव्हता, वास नव्हता, चटका नव्हता. धुरपा चुलीपाशी उभी होती. बघते तर फुगडी घालणाऱ्या सगळ्या ठिणग्या एकदम एका बाजूला कलल्या. शेजारच्या घरातल्याही कलल्या. दारातून नजर जाईल तिथवर, घरोघरच्या साऱ्या ठिणग्या एकाच क्षणी डावीकडे, मग एकाच क्षणी उजवीकडे! धुरपाच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढं मोठं काहीतरी आपल्या भिंतींतून आरपार जातंय, आणि भिंतीला तडासुद्धा नाही. तिला भीती वाटली. पण खरं सांगायचं तर, हात जोडावेसेही वाटले.

"अगं बया," ती पुटपुटली, "हिला तर आपण इथे आहोत हेसुद्धा माहीत नाही."

लहर गेली नाही. तिच्या तालावर ठिणग्यांची फुगडी चुकायला लागली. हात सुटायला लागले. पहिल्यापहिल्यांदा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. उलट, काम वाढलं तशी झेलकरणींच्या हातांना दुप्पट ओल सुटली. घरं कधी नव्हती एवढी उजळली. कारभारी दाजीबा हा हौशी माणूस. त्याला उत्सवाला निमित्तच हवं असायचं. "ही लहर म्हणजे आपल्या राज्याला लाभलेली कृपा आहे!" असं त्यानं जाहीर केलं, चुलींत जास्त सरपण घालायला सांगितलं आणि ठकूबाईला साचेघराची मानकरीण केलं. हातात कडं, अंगावर शेला. साचेघराच्या दारात आता तिनं एकटीनं झेलायचं.

"जाऊबाई, आता आमच्याशी बोलाल ना?" धुरपानं चिडवलं.

"तू आधी नीट झेलायला शीक, मग बघू," ठकूबाई म्हणाली. पण कड्याकडे बघून तिचे डोळे भरून आले होते, आणि धुरपालाही बरं वाटलं.

कृपा काही थांबेना. ठिणग्यांचे हात सुटतच राहिले; छपरं करपली, दारांच्या चौकटींवर डाग पडले. दाजीबा घाबरला आणि त्यानं वेशीवर पहारा बसवला. जी दारातून आलीच नव्हती, तिला दारात अडवायला निघाला! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आणि या सगळ्यात धुरपाच्या एक गोष्ट ध्यानात आली. ठकूबाई कुणाच्याही दारात येत नव्हती. सगळ्यांत जास्त ठिणग्या साचेघरापाशी, सगळ्यांत जास्त झेल तिचे, आणि तरी "हात सुकले" म्हणून ती एकदाही कुठे उभी राहिली नव्हती. गल्लीतल्या बाया कौतुकानं म्हणत, "मानकरणीचे हात कधी सुकतच नाहीत." मग त्यांनाही मागायची लाज वाटू लागली. ठकूबाईचे हात शेल्याखाली असत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

धुरपा साचेघरात गेली. एवढा उंच गाभारा, आणि त्यात शेवटपर्यंत एकेक साचा आपली नक्कल जन्माला घालत होता, शांतपणे, जणू बाहेर काही घडतच नव्हतं. त्यांच्या ऐन मधे ठकूबाई बसली होती. शेल्याला करपल्याचा वास येत होता. खालून धुराची बारीक रेघ निघत होती. आणि ठकूबाईचा एक हात, तिच्या नकळत, शेल्याबाहेर येऊन एका साच्याकडे सरकत होता. एकटी ठिणगी सरकते ना, अगदी तसा.

हिला ओल द्यावी, तर हिनं मागितलेली नाही. मान जाईल म्हणून ही मागणार नाही. "तुमचे हात सुकलेत" म्हणावं, तर मानकरीण अंगावर धावून येईल, आणि त्या झटापटीत साच्याला हात लागला की संपलंच. धुरपा पुढे झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा साफ खोटं बोलली.

"जाऊबाई, हात सुकले. ओल द्या."

ठकूबाईचा हात थांबला. "दुसरीकडे जा."

"का? मानकरणीकडे नाही मागायचं, तर कुणाकडे?"

"धुरपे, जा म्हणते ना!"

"मागणारीला परत पाठवता? सासूबाईंनी हेच शिकवलं का आपल्याला?"

ठकूबाईचा बांध फुटला. "नाहीये गं! थेंब नाही माझ्याकडे! काय देऊ तुला?" तिनं दोन्ही हात शेल्यातून बाहेर काढले. तळवे कोळशासारखे झाले होते. "केव्हाचे सुकलेत. एवढं कडं घालून दारोदार कशी फिरू? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? हात सुकले म्हणतील. म्हणा बरं तुम्हीच."

ठकूबाई लहान मुलीसारखी रडली. "हात सुकले, धुरपे."

"घ्या माझी ओल," धुरपा म्हणाली, आणि होती नव्हती तेवढी सगळी जावेच्या ओंजळीत ओतली. चुर्र झालं. वाफ निघाली. ठकूबाई धुरपाच्या तळव्यांकडे बघतच राहिली. "म्हणजे तुझे सुकलेच नव्हते? लबाड मेली!"

"आता सुकले," धुरपा म्हणाली. "आता काय ते तुम्हीच बघा."

कडं काढायलाही ठकूबाई थांबली नाही. धुरपाला साच्यांपासून लांब धरत ती तिला रस्त्यावर घेऊन आली आणि पहिल्याच दारात मोठ्यानं ओरडली, "हात सुकले! माझेसुद्धा सुकले होते! कुणी लपवू नका!"

दारं उघडली. बायका बाहेर आल्या, आणि बघतात तर काय, अर्ध्या गल्लीचे हात पदराखाली. मानकरीण मागत नाही म्हणून कुणीच मागत नव्हतं. आता एकीनं दुसरीच्या ओंजळीत ओतली, दुसरी तिसरीकडे वळली. साचेघरापासून वेशीपर्यंत ओंजळीला ओंजळ लागली. जिच्याकडे दोनच थेंब होते तिनं दोन दिले. धुरपानं मागे वळून पाहिलं. सगळ्या राज्याचे हात एकाच ओळीत, आणि वर ती अफाट लहर, अजूनही तशीच, डावीकडे, उजवीकडे. एवढ्या मोठ्या गोष्टीखाली एवढीशी ओंजळ! तिला हुंदका आला, आणि तो दुःखाचा नव्हता.

साऱ्यांच्या शेवटी होती बनाई, रांजण राखणारी. तिच्या हातांत ओल आली नाही, कारण तिच्यापुढे मागायला दुसरं दार नव्हतं. तिनं रांजण कलता केला, मग पालथा केला. तो रिकामा होता. तिच्यापुढे फक्त राज्याची भिंत होती. भिंतीपलीकडे काय आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पलीकडे काही आहे की नाही, हेही नाही.

"आता कुणाकडे मागू?" बनाईनं विचारलं.

मग बनाईनं कोरड्या मुठीनं भिंतीवरच थाप मारली. "हात सुकले!" तिच्यामागच्या बाईनं म्हटलं. तिच्यामागच्या बाईनंही. हाक गल्लीगल्लीतून मागे गेली आणि साचेघराला वळसा घालून पुढे आली. सगळं राज्य एका आवाजात मागू लागलं, कोण ऐकतंय हे माहीत नसताना.

उघड्या माळावरच्या एकुलत्या एका उंच लोखंडी मोबाइल-मनोऱ्याच्या सावलीत एक गाभण शेळी रवंथ करत बसली होती. उन्हाच्या वेळी तिची रोजची जागा तीच. तिनं रवंथ थांबवलं. आतून कुणी हाक मारल्यासारखे कान टवकारले. मग पोटाचा भार सावरत ती उठली, ऊन तुडवत माळ ओलांडून लांबच्या उतारावर गेली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि आवळीची एक फांदी तोंडानं खाली ओढली.

तिला राखणाऱ्या बाईनं तिला जाताना पाहिलं. मोकळ्या झालेल्या सावलीत ती स्वतः येऊन टेकली, मनोऱ्याच्या पायाला पाठ लावली, आणि भाकरीचं फडकं सोडू लागली.