हळदीखालची कावीळ

पूर्वी चंपानगरीत राजा भद्रसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मले आणि पुढे स्वतःही नामांकित वैद्य झाले. त्या नगरीत कंपवाताचे रोगी पुष्कळ. कोणाच्या हातून घास सांडे, कोणाला मडके धरवत नसे. बोधिसत्त्वांनी एका रानवेलीच्या मुळीचा काढा शोधला आणि थरथरणारे हात स्थिर झाले. राजाचा हातही त्यानेच सावरला. मग काय विचारता, वैद्याच्या दारी रीघ लागली.

आता त्या नगरीची रीत अशी, की दुखण्यातून उठलेल्याला घरचे रोज हळद लावून न्हाऊ घालीत. माणूस जितका पिवळा दिसे, तितके घरचे खूश.

एके दिवशी मल्लक कुंभार वारला. काढ्यामुळेच त्याचे चाक पुन्हा फिरू लागले होते. लोक हळहळले, बिचाऱ्याला दृष्ट लागली म्हणाले. बोधिसत्त्व पोहोचले तेव्हा प्रेताला आंघोळ घालीत होते. हळद धुऊन गेली, पिवळेपणा गेला नाही. त्यांनी पापणी उचलली. डोळाही पिवळा. ही तर कावीळ होती.

ते घरोघर गेले. जो जो काढा घेत होता, त्याचे डोळे त्यांनी पाहिले. बऱ्याच जणांच्या डोळ्यांत तोच रंग उतरला होता, आणि डोळ्यांत काही कोणी हळद घालत नाही. बोधिसत्त्वांनी साठवलेल्या सगळ्या मुळ्या जाळल्या आणि दवंडी पिटवली, "माझा काढा हात सावरतो, पण यकृत खातो. कोणीही घेऊ नये." ज्यांचे हात सावरले होते, त्यांनीच त्यांना शिव्यांची लाखोली वाहिली.

राजाने त्यांना सभेत बोलावले. "वैद्यराज, माझे डोळे पांढरे आहेत. मला काढा द्या."

"मल्लकाचेही होते, महाराज. ते कधी पिवळे झाले, मला कळलेसुद्धा नाही."

"आणि भरसभेत माझा हात थरथरला तर?"

"तर मी तो धरीन. काढा मात्र देणार नाही."

राजा संतापला. वैद्याला हद्दपार करण्याची आज्ञा त्याने तिथल्या तिथे लिहवून घेतली. पण काढा थांबलेला. आज्ञापत्रावर थापलेल्या ओल्या मातीवर मुद्रा उमटवताना हात थरथरला आणि मुद्रा खाली पडली. सभेत कोणी मान वर करेना. बोधिसत्त्वांनी मुद्रा उचलली, राजाचा हात आपल्या हातात घेतला आणि स्वतःच्या हद्दपारीवर ती नीट उमटवून दिली. मग ते जायला वळले.

राजाने थरथरत्या अंगठ्याने तो ठसा पुसून टाकला आणि म्हणाला, "थांबा. माझे चुकले."

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे बुद्धत्व पावलेले बोधिसत्त्व, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा मल्लक म्हणजे विहाराला मडकी देणारा उपासक कालक. राजा भद्रसेन म्हणजे आपला वृद्ध भिक्षू सुवेल. आणि ज्याने स्वतःचेच औषध परत घेतले, तो वैद्य मी होतो." आपलीच चूक आपल्याच तोंडाने सांगणे, ही येथली सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पराकाष्ठा.