टिटवीनं विचारलेला सवाल

झाडं बोलत आणि शेळ्या ऐकून घेत, त्या काळातली ही गोष्ट. माळावर एक बाभूळ होती. चाळीस शेळ्यांचा कळप तिच्या शेंगांवरच पोसलेला. एके दिवशी पाच शेळ्या पोट फुगून आडव्या झाल्या.

म्होरक्या बोकडानं चौकशी केली आणि दाढी हलवत निकाल दिला, "पाचातल्या तिघींनी शेंगा खाल्ल्या होत्या, कोवळ्या जोंधळ्यात दोघीच शिरल्या होत्या. म्हणजे बाभूळच जास्त विषारी! हिची साल सोला, आणि उद्यापासून सगळ्या जोंधळ्यात चला."

साल गेली की झाड मेलंच. जिच्या अंगभर काटे, तिच्याही अंगावर काटा आला.

तेवढ्यात बुंध्याशी अंडी उबवणारी टिटवी कडाडली, "अरे दाढीवाल्या, नुसत्या आजारीच काय मोजतोस? शेंगा एकूण कितींनी खाल्ल्या?"

"अडतीस जणींनी."

"त्यातल्या पस्तीस उड्या मारतायत. आणि जोंधळ्यात गेल्या किती?"

"दोघी," बोकड पुटपुटला.

"आणि दोघीही आडव्या! ने आता सगळा कळप तिकडं. मोजायला तूसुद्धा उरणार नाहीस."

"झोपताना पाय वर करून आभाळ पेलणारी ही, आम्हाला शिकवते!" बोकड फणकारला. पण एका म्हाताऱ्या शेळीनं जोंधळ्याकडे पाठ केली आणि बाभळीखाली येऊन शेंग चघळायला घेतली. मग एकेक करत सगळ्याच आल्या. शेवटी बोकडही आला, मान खाली घालून.

बाभळीनं खाली पाहिलं. एवढीशी मूठभर टिटवी, घरटं म्हणून चार खडे, आणि अख्ख्या कळपाशी एकटी भिडली. आभाळ पेलते म्हणतात, ते खोटं नसावं.